पाईची मसालेदार पारी : वनस्पतिजन्य स्निग्धांच्या दृष्टीने एक विचार

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत शरद ऋतू उतरणीला लागला, की घरोघर तांबड्या भोपळ्याची, सफरचंदाची किंवा पेअरची ‘पाई’ होऊ लागते. नोव्हेंबर महिन्यातील चौथ्या गुरुवारी तेथे कृतज्ञतादिन पाळला जातो. अध्यक्ष लिंकन यांच्या १८६३ सालच्या घोषणेने या दिवसाला राष्ट्रीय स्वरूप आले व १९४१ च्या कायद्याने त्याचा वार निश्चित झाला. त्या दिवशीच्या जेवणात भोपळ्याच्या पाईला जे स्थान आहे, ते आपल्याकडे दिवाळीच्या फराळात करंजीला आहे असे म्हटल्यास फारशी अतिशयोक्ती होणार नाही. मूळ उच्चाराप्रमाणे हा शब्द ‘पाय’ असा लिहावयास हवा. परंतु ‘भोपळ्याचा पाय’ हा शब्दप्रयोग मराठी वाचकाला विनाकारण हसवील. म्हणून येथे ‘पाई’ हे रूप योजिले आहे. एका रुपयाच्या एकशे ब्याण्णव पाया होत असत, त्या नाण्याशी या पाईचा काही संबंध नाही, एवढे सांगून पुढे जाऊ.

पाईचे दोन भाग असतात. पसरट, उतरत्या काठाच्या थाळीत बसविलेले पिठाचे कवच हा एक, आणि त्यात भरलेला गोड भाग हा दुसरा. या दोहोंसाठी नवे पारिभाषिक शब्द घडविण्याचे कारण नाही. आपल्या स्वयंपाकघरात ‘पारी’ आणि ‘सारण’ हे दोन नेमके शब्द पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहेत, तेच येथे वापरावेत. प्रस्तुत लेखाचा विषय पारी हा आहे. सारणाचा उल्लेख पारीवर त्याचा परिणाम होतो तेवढ्यापुरताच येईल.

पारीतून लोणी, चरबी, दूध व अंडे ही सर्व वगळावयाची, तिच्यात शरदातील पदार्थाला शोभेल असा मसाला घालावयाचा, आणि तरीही तिचा खुसखुशीतपणा व पदर कायम राखावयाचे, हा आपल्यापुढील प्रश्न आहे. जे लोक कोणताही प्राणिजन्य पदार्थ सेवन करीत नाहीत त्यांच्यासाठी ‘व्हीगन’ हा शब्द इंग्लंडमध्ये १९४४ साली डोनाल्ड वॉटसन व त्यांचे सहकारी यांनी प्रचारात आणला. ‘शाकाहारी’ या शब्दाने येथे काम भागत नाही, कारण आपल्या शाकाहारात दूध, दही, तूप यांना मानाचे स्थान आहे. असा आहार घेणारी किंवा दुधाची ॲलर्जी असलेली व्यक्ती पाहुणी म्हणून आली, म्हणजे बहुधा तिच्यासाठी निराळा, काहीसा पिठूळ आणि चामट तुकडा बाजूला ठेवण्यात येतो, आणि ‘लोण्यावाचून पारी अशीच व्हावयाची’ असा यजमानाचा समज असतो. हा समज चुकीचा आहे. लोण्याच्या जागी दुसरा स्निग्ध पदार्थ वजनास वजन घालून मोकळे होण्याच्या घाईतून तो उत्पन्न झाला आहे. पारीत लोणी कोणती कामे करते हे एकदा स्पष्ट झाले, म्हणजे त्यांतील प्रत्येक काम निरनिराळ्या वाटेने कसे साधता येईल हेही दिसू लागते.

प्रथम पिठाचा विचार करू. गव्हाच्या पिठात पाणी मिसळून ते मळले असता त्यातील ग्लायाडिन व ग्लुटेनिन ही प्रथिने परस्परांत गुंतून ‘ग्लुटेन’ नावाचे चिवट, ताणले जाणारे जाळे तयार होते. बोलोन्या येथील याकोपो बार्तोलोमेओ बेक्कारी या शास्त्रज्ञाने पिठाची कणीक पाण्याखाली धुऊन हा चिकट भाग वेगळा केला व त्यासंबंधीचे आपले व्याख्यान १७२८ साली दिले. पोळीला हे जाळे हवे असते. त्यावाचून ती लाटताच येणार नाही. पाईच्या पारीत मात्र ते थोडके हवे, म्हणजे लाटण्यापुरते आणि सारणाचा भार पेलण्यापुरते. त्याहून अधिक झाले, की पारी चामट होते आणि भाजताना आक्रसून थाळीच्या काठावरून खाली उतरते. पीठ, पाणी व मळणे या तिन्हींचे प्रमाण आवरून हे जाळे मर्यादित ठेवावयाचे असते, आणि त्या कामी स्निग्ध पदार्थाचे साहाय्य सर्वांत मोठे असते.

स्निग्ध पदार्थ दोन प्रकारे काम करतो. हा भेद इंग्रजी पाकशास्त्राच्या ग्रंथांत पुष्कळ विस्ताराने सांगितलेला असतो. परंतु आपल्याकडे तो दोन शब्दांतच सामावलेला आहे. करंजीच्या रव्यामैद्याला कडकडीत तेलातुपाचे ‘मोहन’ घालतात. ते पिठाच्या कणाकणाला चोळले जाते, कणांवर स्निग्धाचा लेप बसतो व पाणी आत शिरण्यास अडथळा होतो. त्यामुळे ग्लुटेनचे धागे आखूड राहतात आणि पदार्थ खुसखुशीत होतो. याउलट चिरोट्यांत पोळ्यांच्या थरांमध्ये ‘साटा’ लावतात. तूप व तांदळाचे पीठ एकत्र फेसून केलेला हा साटा पिठाच्या कणांत मिसळत नाही. तो दोन थरांच्या मध्ये राहून त्यांना परस्परांपासून अलग ठेवतो, आणि तळताना पदर सुटतात. खुसखुशीतपणा हे मोहनाचे फळ आणि पदर हे साट्याचे. पाईची पारी या दोहोंच्या मधोमध उभी आहे. तिच्या पिठात थंड लोण्याचे वाटाण्याएवढे तुकडे मुद्दाम शिल्लक ठेवतात. लाटताना ते चपटे होऊन पिठात असंख्य लहान लहान साटे तयार होतात. ओव्हनमध्ये ते वितळतात, त्यांच्या जागी पोकळी राहते, पाण्याची वाफ त्या पोकळीत शिरून वरचा थर उचलते, आणि तो खाली बसण्यापूर्वीच पीठ शिजून ताठ होते.

या वर्णनातून एक अट निष्पन्न होते. पारी ओव्हनमध्ये जाईपर्यंत तिच्यातील स्निग्ध पदार्थाचा निदान काही भाग घनरूपात असला पाहिजे. तो आधीच वितळला, तर साट्याचे मोहन होते. पारी खुसखुशीत होईल, पण पदर सुटणार नाहीत. व्हीगन पारीचा सारा प्रश्न या एका अटीभोवती फिरतो. लोण्याची चव नाहीशी झाल्याची तक्रार बहुतेक जण करतात. माझ्या मते ती हानी दुय्यम आहे व मसाल्याने ती बरीचशी भरून निघते. घनरूप गेल्याची हानी मात्र कशानेही भरून निघत नाही.

वनस्पतिजन्य तेले बहुधा साध्या तापमानाला द्रव असतात, म्हणून ही अट एकेकाळी अवघड होती. अमेरिकेतील जुन्या घरांत पाईच्या पारीला डुकराची चरबी व लोणी हीच चालत असत. मार्गारीनचा शोध फ्रान्समध्ये मेज-मुरिए याने १८६९ साली लोण्याला पर्याय म्हणूनच लावला, पण तोही गाईच्या चरबीपासून. खरा पालट घडला तो तेलांच्या हायड्रोजनीकरणामुळे. जर्मनीतील विल्हेल्म नॉर्मान याने या प्रक्रियेचे पेटंट १९०२ साली मिळविले. पुढे १९११ मध्ये सिनसिनाटीच्या प्रॉक्टर अँड गँबल कंपनीने सरकीच्या तेलापासून केलेले ‘क्रिस्को’ हे घट्ट, पांढरे स्निग्ध बाजारात आणले. मांस व दूध एकत्र न खाण्याचा धर्मनियम पाळणाऱ्या ज्यू कुटुंबांना ते विशेष सोयीचे वाटले, कारण ते दोहोंतही मोडत नव्हते. मांसाच्या जेवणानंतर लोण्याच्या पारीची पाई त्यांना वर्ज्य होती, ती अडचण दूर झाली. व्हीगन हा शब्द जन्मण्यापूर्वी तेहतीस वर्षे वनस्पतिजन्य पारी अशा रीतीने एका निराळ्याच गरजेतून रूढ होऊ लागली होती. आपल्याकडे याच जातीचा ‘डालडा’ १९३७ साली आला आणि चिरोट्यांच्या साट्यात त्याने तुपाची जागा पुष्कळ घरांत घेतली. तुपात वनस्पतीची भेसळ झाल्यास बॉदुआं कसोटीने ती ओळखता यावी म्हणून वनस्पतीत थोडे तिळाचे तेल घालण्याची कायद्याने सक्ती होती, ही गोष्ट रसायनाच्या विद्यार्थ्यांना मनोरंजक वाटेल.

परंतु अंशतः हायड्रोजनीकरणात असंपृक्त मेदाम्लांचा काही भाग ‘ट्रान्स’ रूप धारण करतो. ही रूपे रक्तातील अपायकारक कोलेस्टेरॉल वाढवितात व उपकारक कोलेस्टेरॉल घटवितात, हे मेन्सिंक व काटान या नेदरलंडच्या संशोधकांनी १९९० साली दाखवून दिले. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१५ मध्ये अंशतः हायड्रोजनीकृत तेले सुरक्षित मानता येत नाहीत असा निर्णय दिला, आणि २०१८ पासून त्याची अंमलबजावणी सुरू झाली. भारतातही २०२२ च्या जानेवारीपासून तेले व स्निग्धे यांतील ट्रान्स मेदाम्लांचे प्रमाण शेकडा २ पेक्षा अधिक नसावे असा नियम आहे. जो पदार्थ व्हीगन पारीला सर्वांत सोपा होता, तोच अशा रीतीने, आणि योग्य कारणाने, बाद झाला. त्याच्या जागी बाजारात जी घट्ट स्निग्धे आली त्यांतील बहुतेकांत पामतेल असते. सुमात्रा व बोर्निओ या बेटांवरील अरण्ये पामच्या लागवडीसाठी मोठ्या प्रमाणात तोडली गेली आहेत. प्राण्यांना इजा होऊ नये म्हणून लोणी सोडणाऱ्याने ओरांगउटानचे अरण्य ज्यापायी गेले ते स्निग्ध निःशंकपणे वापरावे काय, हा प्रश्न त्याने स्वतःला विचारणे अवश्य आहे. उत्तर प्रत्येकाने आपले आपण द्यावे. प्रस्तुत लेखात मात्र खोबरेल तेलाचा मार्ग पत्करला आहे.

खोबरेल तेल सुमारे २४ अंश सेल्सियसला वितळते. पुण्यात थंडीच्या दिवसांत सकाळी बाटलीतील तेल थिजलेले असते आणि दुपारी पातळ होते, हे सर्वांच्या नित्य अनुभवाचे आहे. लोण्याशी तुलना करता यात दोन अडचणी आहेत. पहिली उघड आहे. लोणी ३२ ते ३५ अंशांपर्यंत पूर्ण वितळत नाही. तेव्हा खोबरेल तेलाला सुमारे दहा अंशांची सवलत कमी मिळते. दुसरी अडचण अधिक सूक्ष्म, आणि माझ्या समजुतीप्रमाणे अधिक त्रासदायक आहे. लोण्यात अनेक प्रकारची मेदाम्ले असल्यामुळे त्याचे निरनिराळे अंश निरनिराळ्या तापमानांना वितळतात. साधारणपणे १३ ते १८ अंशांच्या टप्प्यात ते काहीसे घन व काहीसे द्रव असते. म्हणजे लाटण्याखाली न तुटता पसरते. खोबरेल तेलात जवळजवळ निम्मे लॉरिक आम्ल असून एकूण मेदाम्लांपैकी सुमारे नऊ-दशांश संपृक्त असतात. त्यामुळे ते फारच थोड्या अंशांत ठिसूळ दगडापासून पातळ तेलापर्यंतचा प्रवास उरकते. शीतकपाटातून काढलेला त्याचा गोळा लाटण्याखाली फुटतो, आणि थोडा वेळ थांबले तर तेल पाझरू लागते. मधली अवस्था क्षणिक असते. (संपृक्त मेदाम्लांच्या या प्रमाणाकडे पाहता, व्हीगन म्हणजे आपोआप आरोग्यकारक, ही समजूतही सोडून द्यावयास हवी.)

यावर एक उपाय सहज सुचतो, तो असा की ३४ अंशांच्या आसपास वितळणारे कोकोचे लोणी खोबरेल तेलात मिसळावे, म्हणजे वितळबिंदू मध्यावर येईल. प्रत्यक्षात तसे घडत नाही. या दोन स्निग्धांचे स्फटिक परस्परांशी जुळत नाहीत, आणि त्यांचे काही प्रमाणांतील मिश्रण अपेक्षेपेक्षा मऊ होते. चॉकोलेटच्या कारखान्यांत ही गोष्ट सुपरिचित आहे. मिश्रधातूंच्या अभ्यासात ज्याला यूटेक्टिक म्हणतात तोच हा प्रकार होय.

म्हणून दोन कामे दोन स्निग्धांना वाटून देणे हा मार्ग मला अधिक सरळ वाटतो. मोहनाला घनरूपाची गरज नसते. ते काम सूर्यफुलाचे किंवा शेंगदाण्याचे द्रव तेल उत्तम करते. आपल्या करंजीत ते नेहमीच करीत आले आहे. साट्याचे काम तेवढे थिजलेल्या खोबरेल तेलाकडे द्यावे. यायोगे संपृक्त मेदाचे एकूण प्रमाणही घटते.

आता प्रमाणांकडे वळू. तेवीस सेंटिमीटर व्यासाच्या थाळीला पुरेल अशा एका पारीस लोण्याच्या कृतीत साधारणपणे १६० ग्रॅम मैदा, ११० ग्रॅम लोणी व ४५ मिलिलिटर थंड पाणी घेतात. लोण्यात स्निग्धांश शेकडा ८० असतो, पाणी शेकडा १६ ते १८, व बाकीचा भाग दुधातील घन पदार्थांचा. खोबरेल तेलात पाणी जवळजवळ नसते. तेव्हा ११० ग्रॅम लोण्याऐवजी ११० ग्रॅम तेल घालणाऱ्याच्या हातून नकळत २२ ग्रॅम स्निग्ध अधिक पडते, आणि पारी भाजताना तेलात पोहते. योग्य प्रमाण ८८ ग्रॅम हे होय. त्यांपैकी २८ ग्रॅम द्रव तेल मोहनाला व ६० ग्रॅम खोबरेल साट्याला, अशी वाटणी करावी.

पाण्याचा हिशेब थोडा फसवा आहे. लोण्यातून जाणारे सुमारे १९ ग्रॅम पाणी आता जात नाही, म्हणून तेवढे वरून घालावे असे गणित सांगते. परंतु लोण्यातील पाणी स्निग्धात बारीक थेंबांच्या रूपाने कोंडलेले असते. ओव्हनमध्ये लोणी वितळेपर्यंत त्याचा बराचसा भाग पिठाला मिळतच नाही. तेच पाणी वरून घातले, तर ते ताबडतोब ग्लुटेन तयार करण्याच्या कामी लागेल. शिवाय मोहन लागलेले पीठ पाणी कमी शोषते. म्हणून ४५ मिलिलिटरपासून आरंभ करावा आणि मूठ वळेपर्यंत चमचा चमचा वाढवावे. बहुधा ५५ च्या आत काम होते. पाण्याचा काही भाग मद्यार्काने भरून काढण्याची एक युक्ती केंजी लोपेझ-आल्ट यांनी २००७ साली अमेरिकेतील एका पाकविषयक नियतकालिकातून प्रसिद्ध केली. मद्यार्काच्या सान्निध्यात ग्लुटेन तयार होत नाही व भाजताना तो उडून जातो. तत्त्व निर्दोष आहे. परंतु मोहन व्यवस्थित घातले असता तिची आवश्यकता राहत नाही.

मसाल्याचा विषय आता येतो, आणि त्यासाठी भोपळ्याच्या पाईचा थोडा पूर्वेतिहास पाहणे उपयोगी होईल. अमेलिया सिमन्स यांचे ‘अमेरिकन कुकरी’ हे पुस्तक १७९६ साली कनेक्टिकटमधील हार्टफर्ड येथे छापले गेले. अमेरिकन व्यक्तीने लिहिलेले व अमेरिकेत प्रसिद्ध झालेले पहिले पाकशास्त्र म्हणून त्याचा निर्देश करतात. त्यात भोपळ्याच्या दोन कृती आहेत. एकीत मलई व नऊ अंडी, आणि तिला जायपत्री, जायफळ व आले. दुसरीत दूध, चार अंडी, काकवी, आणि तिला ऑलस्पाइस व आले. दोन्हींतून प्राणिजन्य पदार्थ वजा केले, तर उरतात भोपळा, गोडी आणि मसाला. आज ज्याला ‘भोपळ्याच्या पाईचा मसाला’ म्हणतात, आणि मॅकॉर्मिक कंपनीने जो १९३४ साली तयार मिश्रणाच्या रूपाने विकावयास काढला, त्यात दालचिनी, सुंठ, जायफळ व लवंग किंवा ऑलस्पाइस ही द्रव्ये असतात. या पदार्थाला शरदाचा म्हणून जो वास आहे तो या मसाल्याचा आहे. लोणी किंवा अंडे यांचा त्यात वाटा अल्प. परंपरेने हा मसाला सारणात घालतात. व्हीगन पारीत लोण्याचा सुवास नसल्यामुळे ती मुकी वाटते, म्हणून मसाल्याचा एक भाग पारीकडे वळविणे इष्ट ठरते.

तो कोठे घालावा? सर्वसामान्य रीत तो कोरड्या पिठात मिसळण्याची आहे. ती सोयीची आहे, पण किफायतीची नाही. दालचिनीतील सिनॅमाल्डिहाइड व लवंगेतील युजेनॉल यांचे उत्कलनबिंदू पाण्याच्या दुपटीहून अधिक असले, तरी वाफेबरोबर ती सहज निघून जातात. याच गुणाचा उपयोग करून बाष्प-ऊर्ध्वपातनाने दालचिनीचे व लवंगेचे तेल काढतात. ओव्हनमधील पातळ पारी म्हणजे असे एक लहानसे ऊर्ध्वपातनयंत्रच असते. घरभर सुगंध दरवळला, की करणाऱ्याला धन्य वाटते. परंतु नाकाला मिळालेला तो वाटा जिभेच्या वाट्यातून वजा झालेला असतो. ही सुगंधी द्रव्ये पाण्यात फारशी विरघळत नाहीत, स्निग्धात मात्र चांगली विरघळतात. म्हणून मसाला स्निग्धातच मुरविणे श्रेयस्कर. आपली फोडणी याच तत्त्वावर उभी आहे. फरक एवढाच, की येथे तेल कडकडीत करावयाचे नसते.

रीत अशी. साठ ग्रॅम खोबरेल तेल कोमट होईल एवढेच तापवावे. त्यात ताजी कुटून वस्त्रगाळ केलेली दालचिनी २.५ ग्रॅम (सपाट चमचाभर), सुंठ १ ग्रॅम, किसलेले जायफळ अर्धा ग्रॅम आणि लवंगेची चिमूटभर पूड घालून ते तासभर झाकून ठेवावे. लवंग याहून अधिक घालू नये. युजेनॉलने जीभ बधिर होते व बाकीचे मसाले हरपतात. नंतर भांडे थंड पाण्यात धरून तेल दाटसर होईपर्यंत ढवळावे. न ढवळल्यास पूड तळाशी बसते. असे झालेले मिश्रण ताटलीत कागदावर पातळ पसरून हिमकपाटात ठेवावे व दगडासारखे झाल्यावर हाताने मोडून नखाएवढे पापुद्रे करावेत. खोबरेल तेलाचा ठिसूळपणा, जो लाटताना शत्रू असतो, तो येथे मित्र होतो. लोण्याचे असे पातळ पापुद्रे इतक्या सहजपणे होत नाहीत. पुढे भाजताना हे पापुद्रे वितळले, म्हणजे त्यांतील मसाला दोन पदरांच्या मध्ये तसाच राहतो.

दालचिनीविषयी दोन शब्द. बाजारात जी जाड, कडक साल मिळते ती बहुधा कॅसिया जातीची असते. सिंहलद्वीपाची खरी दालचिनी पातळ, अनेक वेटोळ्यांची व सौम्य असते. खऱ्या दालचिनीचा अभिमान बाळगणाऱ्यांचा रोष पत्करून मी असे म्हणेन, की पारीसाठी कॅसिया बरी. तिचा तिखटपणा ओव्हनमध्ये टिकतो. सौम्य दालचिनी सारणात शोभते. मात्र कॅसियात कूमारिनचे प्रमाण अधिक असल्याने तिचा नित्य व मुबलक वापर करू नये. येथे कोकणची आठवण होणे स्वाभाविक आहे. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने दालचिनीचा ‘कोकण तेज’ व जायफळाचा ‘कोकण सुगंधा’ हे वाण दिले आहेत, आणि नारळाच्या बागेत याच झाडांचे आंतरपीक घेण्याची शिफारस केली आहे. या परक्या पारीतील तीन प्रमुख द्रव्ये अशा रीतीने आपल्याकडे एकाच बागेत सापडू शकतात. त्याच कोकणात खोबरेल तेल वर्षातील फारच थोडे दिवस थिजते, ही मात्र गंमत आहे. आपल्याकडे ऑक्टोबरच्या दुपारी ही पारी करू पाहणाऱ्याने पहाटे उठून ती लाटावी, पोळपाटाऐवजी थंड केलेली दगडी फरशी घ्यावी, आणि दर पाच मिनिटांनी ती शीतकपाटात परत ठेवण्याचा संयम बाळगावा. नोव्हेंबरातील न्यू इंग्लंडच्या स्वयंपाकघरात, जेथे तापमान २० अंशांच्या आसपास असते, तेथे हे काम विनासायास होते.

पुढील कृती थोडक्यात सांगता येईल. मैद्यात ३ ग्रॅम मीठ व १२ ग्रॅम साखर घालून द्रव तेलाचे मोहन बोटांनी चोळावे. मग गोठविलेले पापुद्रे टाकून ते पिठाने माखतील एवढेच हलवावे, चोळू नये. बर्फाचे पाणी शिंपडून गोळा जमवावा, मळू नये. गोळा चपटा करून, झाकून तासभर शीतकपाटात ठेवावा, म्हणजे पाणी सर्वत्र पसरते व ग्लुटेनचा ताण उतरतो. बाहेर काढल्यावर लगेच लाटावयास घेतल्यास त्याला भेगा जातील. दहा-पंधरा मिनिटे थांबून, कडा दाबून पाहिल्यावर ती न मोडता वाकली, म्हणजे लाटण्याची वेळ झाली असे समजावे. जाडी तीन मिलिमीटर. थाळीत बसविताना पारी ताणू नये. जेवढी ताणावी तेवढी ती भाजताना मागे येते. त्यानंतर अर्धा तास ती हिमकपाटात ठेवणे लोण्याच्या पारीत ऐच्छिक आहे, येथे अनिवार्य आहे.

भोपळ्याच्या पाईची पारी सारण घालण्यापूर्वी अर्धवट भाजून घ्यावी लागते. तिच्यावर कागद घालून राजमा किंवा हरभरे काठापर्यंत भरावेत. अर्धीच भरल्यास खोबरेल तेल लवकर वितळत असल्यामुळे बाजूची भिंत खाली घसरते. ओव्हन २०५ अंश सेल्सियसपर्यंत आधी चांगला तापलेला असावा. थंड ओव्हनमध्ये तेल आधी वितळते आणि पीठ मागाहून ताठ होते, मग पदरांची आशा नको. थाळी धातूची घ्यावी, कारण ती तळाला उष्णता लवकर पोचविते. वीस मिनिटांनी कागद व कडधान्य काढून, तापमान १८० अंशांवर आणून आणखी दहा ते पंधरा मिनिटे भाजावे.

ती भाजली केव्हा, हे ठरविणे येथे विलक्षण कठीण जाते. एरवी रंग पाहून ठरवितात. पण ही पारी कच्ची असतानाच दालचिनीच्या रंगाची असते. उलट, लोण्यातील दुग्धशर्करा व प्रथिने नसल्यामुळे तिच्यावर येणारा खरा तांबूसपणा कमी असतो. एकाच वेळी ती आहे त्याहून अधिक भाजलेली दिसते आणि व्हावयास हवी तेवढी भाजली जात नाही. अननुभवी माणसाच्या हातची मसालेदार पारी बहुधा तळाशी कच्ची निघते, ती याच कारणाने. यावर एक साधी तोड आहे. दोन चमचे मैदा मसाल्यावाचून, तेलपाण्यात भिजवून त्याची पट्टी लाटावी व थाळीशेजारी त्याच ओव्हनमध्ये ठेवावी. तिचा रंग पाहून पारीचा अंदाज घ्यावा. वरची कड चमकदार व्हावी असे वाटल्यास सोयाबीनच्या दुधात थोडी साखर विरघळवून तिचा हात द्यावा. सोयाबीनच्या दुधात प्रथिने असल्याने अंड्याच्या लेपाचे काम बऱ्याच अंशी होते. नारळाच्या दुधाने ते तितके होत नाही. कडेचा मसाला मात्र करपून कडू होण्याचा संभव असतो, म्हणून शेवटी कडेवर कागदाची पट्टी घालावी.

सारणासंबंधी एकच सूचना. अंड्याने घट्ट होणारे सारण तुलनेने कमी तापमानाला बसते. व्हीगन सारणात भोपळ्याचा गर, नारळाचे घट्ट दूध व मक्याचे पिष्ट असते, आणि पिष्ट नीट फुलण्यासाठी सारण कडेला बुडबुडे येईपर्यंत तापावे लागते. तोवर ओली बाजू पारीला लागून राहते. म्हणून सारण आधी चुलीवर शिजवून दाट करावे व गरम असतानाच गरम पारीत ओतावे.

तयार पाई निदान चार तास निवू द्यावी. त्यापूर्वी कापल्यास सारण वाहते. शिल्लक राहिलेली पाई शीतकपाटात ठेवावी लागतेच, पण तेथून काढून तशीच वाढू नये. खोबरेल तेल पुन्हा थिजलेले असल्याने पारी मेणचट लागते आणि थंडपणामुळे मसाल्याचा वासही येत नाही. दीडशे अंशांच्या ओव्हनमध्ये दहा मिनिटे ठेवली, की तेल सैल होते आणि दालचिनीचा वास परत येतो.